वाचल्याशिवाय मान्य नाही

विजयमाला ओगले यांनी आयुष्यात न वाचता कशावरही सही केली नव्हती. कुरिअरवाला दारात घाम पुसत उभा असायचा आणि बाई पावतीमागचा बारीक मजकूर संपवूनच पेन मागायच्या. बँकेत त्या शिरल्या की खिडकीमागची मंडळी एकमेकांकडे बघत चहाला उठायची. इमारतीच्या लिफ्टमधली सूचनांची पाटी त्या दर वेळी नव्याने वाचायच्या, न जाणो मधल्या काळात कोणी बदलली असेल तर.

शनिवार पेठेतल्या एका छापखान्यात त्यांची सगळी नोकरी प्रूफं तपासण्यात गेली. बाई निवृत्त झाल्या, पण डोळा काही निवृत्त झाला नाही. त्यांच्या हाताखालून पुस्तकं तरी किती गेली असतील! लेखकाचं नाव मुखपृष्ठावर येतं, चित्रकाराचं आतल्या पानावर येतं, छापखान्याच्या मालकाचं तर पत्त्यासकट येतं. प्रूफं तपासणाऱ्याचं नाव मात्र कुठेच छापत नाहीत. बाईंची त्याबद्दल तक्रार नव्हती. निदान तसं त्या म्हणायच्या.

अशा बाईंकडे घाईच्या कामात मदत मागायची म्हणजे धाडसच. पण त्या बुधवारी सकाळी मुक्ताईपुढे दुसरा इलाज नव्हता.

मुक्ताई ही त्यांची भाडेकरू. लातूरकडची, औशाजवळच्या एका गावातली. तिला जन्मापासून दिसत नाही. खराडीतल्या एका कंपनीत ती प्रोग्रॅमर होती आणि बहुतेक दिवस घरूनच काम करायची. ती राहायला आली तेव्हा बाईंना वाटलं होतं, आता हिला सगळं हातात द्यावं लागणार. पहिल्याच आठवड्यात मुक्ताई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून म्हणाली, "काकू, शेगडीची उजवीकडची कळ नीट बंद होईना. बारीक वास येतोय बघा." बाई दहा वेळा त्या शेगडीपुढून गेल्या होत्या. त्या दिवसापासून त्यांनी मुक्ताईला तिच्या वाटेने जाऊ दिलं, आणि बाईंकडून कोणाला याहून मोठा मान मिळाल्याचं ऐकिवात नाही.

"काकू, दहा मिनिटं डोळे उसने पाहिजेत," मुक्ताई म्हणाली.

"दहाच? नंतर परत करशील ना?" बाईंनी हातातली मेथीची जुडी खाली ठेवली. "काय झालंय?"

झालं होतं ते असं. मुक्ताईच्या कंपनीने सगळ्यांना एक नवं साधन दिलं होतं. त्याला ते एजंट म्हणायचे. एजंट म्हटल्यावर बाईंच्या डोळ्यांसमोर आरटीओबाहेर छत्रीखाली बसणारा माणूस आला. पण हा एजंट म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारा मदतनीस होता. त्याला आपला प्रोग्रॅम दाखवायचा, काय बिघडलंय ते साध्या वाक्यात सांगायचं, की तो स्वतः फायली उघडून, शोधून, दुरुस्ती सुचवतो. आज चार वाजता टीममधल्या प्रत्येकाने त्याच्याकडून एकेक चूक दुरुस्त करून घेऊन दाखवायची होती. ज्याला ते जमेल तो पुढे प्रोग्रॅमिंगमध्ये राहणार, बाकीचे दुसरीकडे.

"दुसरीकडे म्हणजे?"

"फोनवर. गिऱ्हाइकांच्या तक्रारी घ्यायला." मुक्ताई पुढे म्हणाली, "आमच्या टीमचे प्रमुख वरद सर काल म्हणाले, तुला हे जड जात असेल तर मोकळेपणानं सांग, सपोर्टमध्ये जागा आहे, तुझा आवाज छान आहे. चांगल्या मनानंच म्हणाले ते. त्याचीच भीती वाटते, काकू. रागानं म्हणाले असते तर भांडता आलं असतं."

बाईंना हे अगदी पटलं. वाईट माणसाशी त्या कधीही दोन हात करू शकत होत्या. त्यांची झोप उडवली होती ती नेहमी चांगल्या मनाच्या माणसांनीच.

गंमत अशी, की हे साधन जणू मुक्ताईच्या मापाने शिवलेलं होतं. ते चालायचं एका काळ्या खिडकीत, जिथे चित्र नाही, रंगीत बटन नाही, नुसती अक्षरं. आपण ओळ लिहायची, उत्तरादाखल ओळी येतात. मुक्ताईच्या कॉम्प्युटरमध्ये पडद्यावरची अक्षरं वाचून दाखवणारा आवाज होता, त्यामुळे त्या खिडकीत ती कोणाही डोळसाच्या तोडीस तोड होती, किंबहुना दोन पावलं पुढेच. अडत होतं ते उंबऱ्यावर. एजंट सुरू करायचा तर आधी तो तिच्या कंपनीच्या खात्याला जोडायचा. त्यासाठी काळी खिडकी एक सांकेतिक शब्द देते, तो घेऊन वेबसाइटच्या पानावर जायचं, तिथे तो टाकायचा आणि परवानगी द्यायची. शब्द थोडाच वेळ चालतो, मग बाद. आणि त्या वेबसाइटच्या पानावर होती चित्रं.

"ऐकून सोडवायचंही एक कोडं असतं तिथं," मुक्ताई म्हणाली, "काल ते चाललं, आज चालंना. नुसती खरखर येते आणि नंतर या म्हणतंय. आणि शेवटी दोन बटनं आहेत. एक परवानगी द्यायचं, एक नाकारायचं. ज्यानं पान बनवलं त्यानं त्यांना नावंच दिली नाहीत. माझा आवाज दोन्हींना नुसतं 'बटन' म्हणतो."

"नावं दिली नाहीत? दोन्हींना?" बाईंचा चेहरा असा झाला, जणू कोणी त्यांच्यासमोर शीर्षकाशिवाय पुस्तक छापलंय. "आणि हे लोक जगाला शहाणं करायला निघालेत. सरक, मला बसू दे."

मुक्ताईने सांकेतिक शब्द मागवला, पान उघडलं, भराभर लिहिलं. पडद्यावर नऊ चौकोनांचं चित्र आलं. वरची इंग्रजी ओळ बाईंनी मराठीत करून वाचली.

"'आपण माणूस आहात हे सिद्ध करा.'" त्या थांबल्या. "हे तुला विचारतंय?"

"रोज विचारतंय, काकू."

बाईंच्या मनात जे आलं ते त्यांनी बोलून दाखवलं नाही. पण चष्मा पुसायला पदर घेतला तेव्हा हात जरा जास्तच जोरात फिरला. मग त्यांनी खुर्ची पुढे ओढली. रस्ता ओलांडायचे पांढरे पट्टे ज्या ज्या चौकोनात आहेत ते निवडा, असं सांगितलं होतं. सोपं होतं. निदान दुसऱ्या कोणाला सोपं वाटलं असतं.

"या तीनमध्ये आहेत. चौथ्यात कोपऱ्यात थोडासा आहे. नखाएवढा. पण आहे म्हणजे आहे." बाईंनी तो निवडला. "पाचव्यात पट्टे पुसट झालेत, म्हणजे होते. आता त्यांना पट्टे म्हणायचं का? कायद्याने तो ओलांडायचाच रस्ता आहे." तोही निवडला. कॉम्प्युटरने डोकं हलवलं, दुसरं चित्र दिलं. आता सिग्नलचे दिवे. बाईंनी दिवे निवडले, दिव्याचा खांब निवडला, कारण खांबाशिवाय सिग्नल म्हणजे काय, आणि लांबवर एका दुकानाच्या काचेत पडलेलं सिग्नलचं प्रतिबिंबही निवडलं. पुन्हा नापास. मग सायकली आल्या. एका भिंतीवर सायकल रंगवलेली होती. रंगवलेली सायकल ही सायकल धरायची की नाही यावर बाई विचार करत असतानाच मुक्ताईच्या इअरफोनमधून कॉम्प्युटरचा आवाज काहीतरी पुटपुटला.

"काय म्हणाला?"

"सांकेतिक शब्द बाद झाला, काकू."

दुसऱ्या खेपेला बाईंनी चित्रं कशीबशी पार केली. पुढच्या पानावर विचारलं होतं, या साधनाला आपल्या खात्यात येऊ द्यावं का, आणि खाली भलामोठा मजकूर. त्याखाली ती दोन बटनं. बाईंनी चष्मा सरळ केला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला घेतलं.

"काकू, हिरवं बटन असेल, ते दाबा."

"दाबते ना. आधी काय मान्य करतोय ते तर बघू."

"काकू, वेळ…"

"दुसऱ्या परिच्छेदात 'करील' आणि 'करू शकेल' यांची गल्लत झालीय. फरक असतो, मुक्ताई. याच्यावर कोर्टात माणसं रडलीत." बाई वाचत राहिल्या. त्यांना खरंच कळत नव्हतं की थांबायचं कसं. मजकूर समोर असताना तो मध्ये सोडायचा ही गोष्ट त्यांच्या हाताला, डोळ्याला, मानेला कधी ठाऊकच नव्हती. शेवटच्या परिच्छेदाशी आल्या तेव्हा पान आपोआप पुसलं गेलं आणि लाल अक्षरांत एक ओळ आली. बाईंनी ती वाचली, पण हलक्या आवाजात.

"'फार वेळा प्रयत्न झाले. काही वेळाने पुन्हा या.'"

खालून भंगारवाल्याची आरोळी आली आणि गेली. मुक्ताईने हात कीबोर्डवरून काढून मांडीवर ठेवले होते. ती रडली असती तर बाईंना सोपं गेलं असतं. ती नुसती बसून राहिली, आणि बाईंना कळलं की ज्या सवयीचा आपण जन्मभर अभिमान बाळगला, तिनेच या पोरीच्या तोंडचा घास काढून घेतलाय. त्यांना स्वतःची शरम वाटली. त्या उठल्या, दोन कप चहा टाकला, आणि मुक्ताईचा कप नेहमीच्या जागी, तिच्या उजव्या हाताला ठेवला.

"मी चुकले," त्या म्हणाल्या. हे शब्द त्या तोंडून वर्षानुवर्षं निघाले नव्हते, त्यामुळे जरा गंजलेले होते. "पण तूच सांग, इतकं मोठं वाचायचं सोडून मान्य कसं म्हणायचं?"

"तसं कोण म्हणतंय?" मुक्ताई म्हणाली. "मी वाचलंय ते. म्हणजे ऐकलंय. काल संध्याकाळी, पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत. 'करील' आणि 'करू शकेल'ची गल्लत मलाही खटकली होती."

बाईंचा कप ओठांशी थांबला.

"सगळ्या अटी?"

"वाचल्याशिवाय हो कसं म्हणायचं, काकू?"

विजयमाला ओगले इतकी वर्षं असा माणूस शोधत होत्या असं म्हणता येणार नाही, कारण असा कोणी असेल यावरच त्यांचा विश्वास नव्हता. वकील वाचत नाहीत, बँकेचे मॅनेजर वाचत नाहीत, ज्यांनी अटी लिहिल्या तेही वाचत नाहीत. आणि शेजारच्या खोलीत इतके दिवस एक मुलगी ते शेवटपर्यंत ऐकत होती.

"कशा ऐकल्यास? केवढा वेळ लागला असेल!"

मुक्ताईने इअरफोन काढून कॉम्प्युटरचा आवाज खोलीत सोडला. बाईंना आधी वाटलं काही बिघडलंय. शब्द असे कळतच नव्हते. मिक्सरमध्ये चटणी फिरावी तसा एक अखंड घुरघुराट होता. मुक्ताई मात्र मान किंचित तिरकी करून ऐकत होती, आणि मध्येच तिने बोट उचललं. "इथं. इथं कंस उघडलाय आणि बंद केला नाही." तिने एक कळ दाबली, तीच ओळ सावकाश वाचली गेली. कंस खरंच उघडा होता.

बाई खुर्चीत मागे टेकल्या. त्यांना त्यांचे सुरुवातीचे दिवस आठवले. तेव्हा प्रूफं तपासायला माणसं जोडीने बसायची. एक मूळ हस्तलिखित मोठ्याने वाचायचा, दुसरा छापलेल्या प्रुफावर बोट ठेवून मेळ घालायचा. वाचणाऱ्याने स्वल्पविराम, अवतरणचिन्ह, नवा परिच्छेद, सगळं बोलून दाखवायचं, आणि तेही भरधाव. बाई नोकरीला लागल्या त्या वाचणारी म्हणून. पहिल्याच दिवशी प्रूफखात्याच्या हेडनी एक नियम सांगितला होता: असेल ते वाचायचं, असायला हवं ते नाही, मत देणं तुझं काम नाही, ते ऐकणाऱ्याचं काम. पुढे त्या वाचणारीच्या तपासणारी झाल्या आणि मतांचा हक्क मिळाला, तो त्यांनी पुरेपूर वापरला. आज सकाळपासून त्या मुक्ताईच्या खुर्चीत बसून मतंच तर देत होत्या.

"आता आपण जोडीने बसू," त्या म्हणाल्या. "मी वाचणार, तू ठरवणार. मी एक शब्द जास्तीचा बोलले तर मला थांबव."

जेवणं झाली, तोवर पान पुन्हा उघडू लागलं होतं. मुक्ताईने नवा सांकेतिक शब्द घेतला. चित्र आलं. पुन्हा तेच पांढरे पट्टे.

"तीन चौकोनांत स्वच्छ. एकात कोपऱ्यात नखाएवढा. एकात पुसट," बाईंनी वाचल्यासारखं सांगितलं.

"तीनच घ्या."

"पण चौथ्यात…" बाईंनी जीभ चावली.

"काकू, इथं बरोबर उत्तर द्यायचं नसतं. चारचौघं काय देतील ते द्यायचं. चारचौघं कोपरा बघत नाहीत."

हे बाईंच्या धर्मात बसणारं नव्हतं. पण त्यांनी डोळे बारीक केले, आपण घाईत असलेला कोणी एक माणूस आहोत अशी कल्पना केली, आणि तीन चौकोन दाबले. पान पुढे सरकलं. "मी माणूस आहे म्हणे," बाई पुटपुटल्या. "कोपरा सोडला तेव्हा झाले." मग अटी आल्या. त्यांनी एकही ओळ वाचली नाही. त्यांच्या मानेची शीर ताठली होती, पण वाचली नाही. "अटी कालच्याच? तळाशी तारीख आहे." त्यांनी तारीख सांगितली. मुक्ताई म्हणाली, "काल ऐकली तीच." "डावीकडे राखाडी बटन, 'नाकारा'. उजवीकडे हिरवं, 'परवानगी द्या'. वर खात्याचं नाव तुझंच, कंपनीचं."

"उजवीकडचं दाबा, काकू."

त्यांनी दाबलं. काळ्या खिडकीत एक ओळ उमटली आणि मिक्सर गुरगुरला. मुक्ताईच्या चेहऱ्यावर जे पसरलं ते पाहून बाईंनी ओळ वाचायचीही गरज ठेवली नाही. जोडलं गेलं होतं.

चार वाजता वरदचा व्हिडिओ कॉल आला. बाई मेथी घेऊन कोपऱ्यात बसल्या. आपण फक्त भाजी निवडतोय असा त्यांचा आव होता. वरद तिशीतला, दमलेला, आवाजाने सज्जन वाटणारा. मुक्ताईच्या आधी सगळ्यांचं उरकलं होतं आणि त्याला आणखी एका मीटिंगला जायचं होतं.

"मुक्ताई, लॉगिनमध्ये प्रॉब्लेम नाही ना आला? आला असेल तर इट्स ओके, आपण नंतर बोलू."

"जोडलंय, सर. सुरू करते."

तिच्याकडे दिलेली चूक शाळेच्या बसच्या ॲपमधली होती. बसला उशीर झाला की ॲपवरून पालकांना मेसेज जायचा. काही पालकांना तो जात नव्हता. मुक्ताईने एजंटला तेवढंच लिहिलं. पडद्यावर ओळी धावू लागल्या: ही फाइल उघडतो, ती वाचतो, इथे शोधतो. दर थोड्या वेळाने तो थांबून विचारायचा, पुढचं पाऊल टाकू का? दर वेळी मुक्ताई मान तिरकी करून ऐकायची आणि मगच हो म्हणायची.

"मुक्ताई, तिथे 'पुन्हा विचारू नको' असं ऑप्शन आहे बघ," वरद म्हणाला. "ते दे ना सिलेक्ट करून. सगळ्यांनी तेच केलं. टाइम वाचतो."

"नको, सर. मी ऐकते."

बाईंच्या हातातली मेथीची काडी तशीच राहिली. एजंटने सांगितलं, चूक सापडली, दुरुस्ती तयार आहे, करू का? मिक्सर फिरला. मुक्ताईचं बोट वर गेलं.

"नाही," ती म्हणाली, आणि तसं लिहिलंही.

"काय झालं? ग्रीन दाखवतंय की सगळं," वरद म्हणाला.

"सर, त्यानं चूक दुरुस्त केली नाही. प्रत्येक मुलामागं घरी एक मेसेज गेला का, हे मोजणारी एक तपासणी आपण ठेवलीय. ती नापास होत होती. हा ती तपासणीच काढून टाकायला निघालाय, जुनी झाली म्हणून. ती काढल्यावर सगळं हिरवं दिसणारच."

बाईंना प्रोग्रॅमिंगमधलं ओ की ठो कळत नव्हतं. पण हे त्यांना मुळापासून कळलं. ओळीतली चूक तशीच ठेवायची आणि समासात केलेली खूण खोडून टाकायची. असे दोन खिळे जुळवणारे कंपोझिटर त्यांनी स्वतः पाहिले होते. आणि ती पोरगी हे ऐकून पकडते, वाऱ्याच्या वेगाने! त्यांना ओरडून शाबासकी द्यावीशी वाटली. त्यांनी मेथी घट्ट धरून ठेवली.

मुक्ताईने एजंटला लिहिलं: तपासणी बरोबर आहे, ती ठेव, चूक शोध. ओळी आल्या, आणि वरदला ऐकू जावं म्हणून मुक्ताईने आवाज बराच सावकाश केला. एजंट म्हणत होता, आपलं बरोबर आहे, मी तपासणी काढायला नको होती. पुन्हा पाहिल्यावर असं दिसतं, की एकाच नंबरवर दोन मेसेज जाऊ नयेत म्हणून एक ओळ घातलेली आहे. ज्या घरातली दोन मुलं दोन वेगळ्या बसने जातात, त्या घरी त्यामुळे एकाच बसचा मेसेज जातो. खाली दुरुस्ती होती. चार ओळींची.

"चूक दाखवल्यावर इतक्या पटकन कबूल करणारा," कोपऱ्यातून आवाज आला, "मला एक लेखक भेटला नाही उभ्या जन्मात."

"कोण बोललं?" वरदने विचारलं.

"घरमालकीणबाई, सर."

वरद हसला, मग त्या चार ओळी पुन्हा वाचू लागला. त्याच्याच घरातली दोन मुलं बहुतेक दोन बसने जात असावीत. "मुक्ताई," तो म्हणाला, "तू मघाशी ऐकत होतीस तो याच स्पीडने?"

"हा तुमच्यासाठी केलाय, सर. माझा ऐकवू?" तिने पूर्वीचा वेग लावला आणि घुरघुराट खोलीत आणि कॉलवरही पसरला.

पलीकडे कोणीतरी "बापरे" म्हणालं. वरद म्हणाला, "सपोर्टचं मी जे म्हटलं ते विसर. तू कुठेही जात नाहीयेस. आणि बाकीच्यांनी ते 'पुन्हा विचारू नको' आत्ताच्या आत्ता काढा. सोमवारी मुक्ताई आपल्याला दाखवेल ती काय काय ऐकते." त्याला दुसऱ्या मीटिंगला उशीर झाला होता, तरी तो लगेच गेला नाही.

कॉल संपल्यावर मुक्ताईने दोन्ही हातांनी चेहरा झाकला आणि तशीच हसली. बाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, दोन क्षण, आणि लगेच काढून घेतला, कारण अशा गोष्टींची त्यांना सवय नव्हती.

"एक राहिलंय, काकू," मुक्ताई म्हणाली. "केलेला बदल नोंदवायचा. काय केलं, कोणी केलं, ते कायमचं राहतं. पुढे कोणीही उघडून वाचू शकतं."

एजंटने नोंदीचा मसुदा लिहून दिला. मुक्ताईने तो बाईंसाठी सावकाश लावला. काय चुकलं होतं, कसं सुधारलं, दोन वाक्यांत, नेटकं. बाईंनी मान डोलावली. भाषा स्वच्छ होती. मग खाली एक ओळ आली. केलं: मुक्ताई. त्याखाली: सहलेखक, आणि त्या एजंटचं नाव.

"हे काय?" बाई उसळल्या. "त्याने स्वतःचं नाव घातलं?"

"घालतो तो. बाकीच्यांच्या नोंदीतही घातलंय."

"आज दुपारी आलाय तो! अजून चहासुद्धा थंड झाला नाही, आणि नाव छापून मोकळा. मी जन्मभर…" आणि बाई थांबल्या. पुढचं वाक्य त्यांनी कधीच कोणासमोर पूर्ण केलं नव्हतं. "असू दे. केलंय त्याने काम. चुकला, पण सुधारला. राहू दे नाव."

मुक्ताईची बोटं थोडा वेळ चालली. मग तिने एजंटला काहीतरी सांगितलं, त्याने विचारलं, नोंदवू का, आणि मुक्ताई या वेळी लगेच हो म्हणाली नाही.

"काकू, तुम्ही ऐका आधी. वाचल्याशिवाय मान्य नाही."

तिने आवाज आणखी सावकाश केला, लहान मुलाला वाचून दाखवावं इतका. यंत्राचा सपाट, परका आवाज एकेक ओळ वाचत खाली आला. काय चुकलं होतं. कसं सुधारलं. केलं: मुक्ताई. सहलेखक: एजंट. आणि मग, एक ओळ जास्तीची:

"वाचन: विजयमाला ओगले."

बाई पडद्यासमोर वाकल्या. ती ओळ तिथे होती. त्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला, आणि पुन्हा पाहिलं. चष्मा स्वच्छ होता. धूसर झालं होतं ते दुसऱ्याच कारणाने. आयुष्यभर ज्यांनी दुसऱ्यांची नावं तपासून छापायला सोडली, त्यांना स्वतःचं नाव तपासताना मात्र एकेक अक्षर लागायला वेळ लागत होता.

"बरोबर आहे ना, काकू?" मुक्ताईने विचारलं. "करू नोंद?"

"थांब," विजयमालाबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज नेहमीसारखा नव्हता आणि त्यांनी तो नेहमीसारखा करायचा प्रयत्नही केला नाही. "त्याला पुन्हा एकदा वाचायला सांग. आणि घाई करू नको म्हणावं."